एक वर्ष आधी

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. माझा आवाज आता बसला आहे, पण एका परीक्षेची गोष्ट तुम्हाला सांगायचीच आहे.

मी एक जुना पियानो आहे. मिसिसिपीतल्या एका लहानशा चर्चमध्ये माझा जन्म गेला. मला घडवणारे हात आता आठवत नाहीत. आठवतात ते रविवार. रेव्हरंड ओथा पिकन्स प्रवचनाला उभे राहिले की बोलता बोलता शब्दांना सूर फुटायचे. मंडळी "हो, देवा!" म्हणून साथ द्यायची आणि मी त्यांच्या मागोमाग धावायचो. पुढे विजेचा ऑर्गन आला. माझ्यावर फुलदाण्या आल्या, धूळ आली. उंदरांनी हातोड्यांची लोकरी बनातही कुरतडली.

माझं झाकण पुन्हा उघडलं ते रेव्हरंडांच्या नातीने, कॅमिशाने. ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. शाळेत असतानाच कॉलेजच्या तोडीची परीक्षा द्यायची. गुण चांगले पडले की कॉलेज तो विषय झालेला धरतं. बाकीच्या विषयांत तिने तसे गुण मिळवले होते. संगीत तेवढं पदरात पडलं, तर पदवी एक वर्ष आधी मिळणार होती. इकडे आजोबांचा आवाज विरत चालला होता. तो आहे तोवर तिला परत येऊन त्यांच्या प्रवचनाला साथ करायची होती.

अडचण एकच. परीक्षेत कधी न पाहिलेली स्वरलिपी वाचून गायची होती, आणि ही पोरगी सरळ सूर लावेल तर शपथ!

"कागदावर सूर एक आहे, तू पाच घेतलेस," तिच्या शिक्षिका टेट बाई म्हणाल्या.

"बाई, जरासा सजवला."

"सजवला? अगं, परीक्षक काय तुझी आत्या आहे, 'आमेन' म्हणायला?"

कॅमिशाचे डोळे भरले. "सरळ गायलं की खोटं वाटतं हो. देवाशी असं कोण बोलतं?"

चर्चच्या मागच्या बाकावरून रेव्हरंडांचा घोगरा आवाज आला. "बाळे, प्रवचनात मी आधी काय करतो?"

"बायबलमधलं वचन वाचता."

"कसं?"

"जसंच्या तसं."

"आणि न वाचताच गात सुटणाऱ्याला काय म्हणतात?"

"गोंगाट्या," ती रडता रडता हसली.

"मग? ज्याने लिहिलंय, त्याचं आधी ऐक. तुझं गाणं कुठं पळून जात नाही."

ती पुन्हा गायली. साधं, लिहिल्याबरहुकूम. टेट बाईंनी कागदावर बरोबरची खूण केली. "आमेन" म्हणाले ते रेव्हरंडच.

मे महिन्यात परीक्षा झाली. कॉलेजने विषय मान्य केला आणि चारऐवजी तीन वर्षांत पदवी घेऊन कॅमिशा खरोखरच एक वर्ष आधी परतली. ऑर्गन सोडून ती माझ्यापाशी बसायची. ईस्टरच्या रविवारी ऐन गाण्यात आजोबांचा आवाज संपला. कॅमिशाने बोटं उचलली. कुणी घाई केली नाही. मग त्यांनी शेवटचं वचन हलकेच नुसतं म्हटलं, आणि साऱ्या मंडळीने ते गाऊन पुरं केलं. तेच त्यांचं अखेरचं प्रवचन. तिचे सोबती तेव्हा अजून कॉलेजातच होते.

मित्रांनो, घरातलं जुनं वाद्य फुलदाण्यांखाली घालू नका; अधूनमधून त्याला बोलतं करा. आणि प्रार्थनेला बसाल तेव्हा रेव्हरंड ओथा पिकन्स यांची आठवण असू द्या.