दिलेला हात

मलकापूरच्या मंडळीचा मी पाळक होतो तेव्हाची, सदुसष्ट सालची ही गोष्ट. मोताळ्याच्या रस्त्यावर एका खेड्यात आमची सहा-सात ख्रिस्ती कुटुंबं होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सायकलवर तिथे जाऊन उपासना घेत असे आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या बलिदानाची आठवण म्हणून पोळी आणि द्राक्षरस, देत असे. त्यासाठी लागणारी गव्हाची पोळी किसन भाजायचा. मनुका भिजवून त्यांचा रसही तोच काढायचा. आणि भोजनाचं ताट फिरत फिरत त्याच्यापाशी आलं, की त्यातलं काही न घेता पुढे सरकवायचा.

पोळी त्यानं भाजायची, कारण त्याच्या बायकोला, तानाबाईला, उजवा हात नव्हता. मनगटाच्या जरा वरून तो कापावा लागला होता.

चार वर्षांपूर्वी दोघं मलकापुरात कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यात कामाला होते. ताना मशीनवर कापूस घालायची, किसन पोती वाहायचा. तेव्हा तो प्यायचा. एका दुपारी जेवणाच्या सुटीनंतर झोकांड्या खात आत आला. चालत्या पट्ट्याजवळून जाताना त्याच्या गळ्यातलं उपरणं पट्ट्यात ओढलं गेलं. गळ्याला फास बसला आणि पट्टा त्याला चाकाकडे खेचू लागला. ताना तीन पावलांवर होती. उपरणं जिथं अडकलं होतं तिथं हात घालून तिनं ते हिसडून काढलं. किसन मागे जमिनीवर आपटला. तिचा हात चाकात गेला.

त्या दिवसापासून किसन दारूला शिवला नाही. दोघं गावी परत आले, लोकांच्या शेतावर जाऊ लागले. पाणी भरणं, भाकरी थापणं, धुणं, सगळं तो करी. नदीवर बाया हसत, त्याला त्याचं काही वाटत नसे. तानाची वेणीही तोच घाली. पहिले काही महिने ती वाकडी यायची, पुढे हात बसला. इथवर कुणालाही कौतुकच वाटेल. पण तो पायात वहाण घालत नसे. तानाचं जेवण झाल्याशिवाय जेवत नसे. थंडीतही उघड्या जमिनीवर निजे. त्यानं स्वतःला शिक्षा लावून घेतली होती आणि ती संपायचा दिवस त्यानं ठरवलेला नव्हता.

मी त्याला पुष्कळदा समजावलं. आपल्या पापांचं प्रायश्चित्त प्रभूनं वधस्तंभावर केलं आहे, ते पूर्ण झालं आहे, त्यात आपण भर घालायची नसते, असं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकून घेई.

एकदा म्हणाला, "देवानं माफ केलं असंन, पाळकसाहेब. पन माह्या पापाची शिक्षा तिनं भोगली. ते रोज माह्या डोयासमोर फिरते. मी कोन्या तोंडानं घेऊ?"

 त्या दिवशी परतताना मी सायकलवर बसलो नाही, ती हातात धरून चालत गेलो.

ताना हसतमुख बाई होती. डाव्या हातानं तिनं कापूस वेचायला शिकून घेतलं होतं आणि गावात तिच्या बरोबरीनं वेचणाऱ्या फार थोड्या होत्या. पण एकदा मला चहा देताना तिनं मन मोकळं केलं. माफ केलं असं तिनं त्याला कितीदा सांगितलं, त्याची गणती नव्हती. "लोकाइले वाटते, मी नशिबाची," ती म्हणाली. "पन माह्या घरात नवरा नाही राह्यला, गडी राह्यला. चार वर्सं झाले, मले उलटून एक शब्द बोलले नाही."

कापसाची वेचणी चालू होती, त्या महिन्यातला रविवार. मी ताट दिलं, ते फिरत किसनकडे आलं आणि त्यानं नेहमीसारखं पुढे सरकवलं. बायांच्या बाजूनं ताना उठली. पुरुषांमधून वाट काढत त्याच्यापुढे येऊन बसली आणि ताट परत ओढून घेतलं. तिचा आवाज चढला नाही, पण उपासनेची ती खोली एवढी लहान, की सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुमाले काय वाटते, घाईत गेला माहा हात?"

किसनची नजर तिच्या तुटक्या हातावर गेली.

"चाक मले दिसत होतं. त्याच चाकात मशीनवरच्या अंबूबाईचे बोटं गेले, ते म्या पायले होते. हात जाईन, हे समजून म्या घातला. तुमाले सांगतलं नाही, तुमच्या जिवाले अजून लागन म्हनून."

"मंग काऊन घातला?" किसननं विचारलं.

"तुमी पाह्यजे होते म्हनून. म्या हात तुमाले देला, उसना नाही देला. तुमी रोज थोडा थोडा वापस करून राह्यले. मले वापस नको. म्या खुशीनं देला, तं तुमी खुशीनं घ्या."

प्रभू वधस्तंभावर स्वखुशीनं गेला, कुणी त्याला ओढून नेलं नाही, हे मी वीस वर्षं प्रवचनात सांगत होतो. त्या मातीच्या भिंतींमध्ये बसून ते मला पहिल्यांदा नीट कळलं. अपघातात गेलेल्या माणसासाठी जन्मभर रडता येतं. ज्यानं जाणूनबुजून आपल्यासाठी दिलं, त्याच्यापुढे हात पसरून घेण्याखेरीज दुसरं काय करणार?

किसननं हात पुढे केला. तानानं पोळीचा तुकडा डाव्या हातानं मोडून त्याच्या तळव्यावर ठेवला आणि त्याची बोटं मिटवली. खरं तर ते काम माझं होतं. मी बसून राहिलो. तो रडत रडत खात होता आणि ती पदरानं त्याचं तोंड पुसत होती.

पुढच्या महिन्यात मी गेलो, तर ताना गावाबाहेरच भेटली. चेहरा उजळलेला.

"पाळकसाहेब, आज माह्यासंगं भांडले," ती म्हणाली. "बकरी घेऊ म्हनलं, तं नाही म्हनले. दोनदा म्हनलं, दोन्ही टाइम नाही म्हनले. आवाज चढवून!"

घरी गेलो, तर किसन उंबऱ्यावर तोंड फुगवून बसला होता. त्यानं माझ्याकडेच दाद मागितली. एवढ्याशा अंगणात बकरी बांधायची कुठं, तुम्हीच सांगा म्हणाला. मी इकडेतिकडे पाहिलं आणि बाभळीखाली जागा आहे, असं सांगितलं. तो माझ्यावरही रागावला. पुढच्या बाजारी दोघं मोताळ्याला गेले आणि येताना गाभण बकरी घेऊन आले.