काट्यावरची हजेरी

धक्क्यावरच्या शेडमध्ये मी बर्फ फोडते. समोरच वजनकाटा आहे, त्यामुळे कोणाचे किती मासे आले ते मला न विचारता कळतं.

मासे संपत आले तेव्हा सरकारने समुद्राचे वाटे पाडले. ज्याचा जेवढा वाटा तेवढेच मासे त्याने धरायचे, त्याहून जास्त आणले तर जप्त. त्यात चूक काही नाही. मोठ्या बोटींनी समुद्र ओरबाडला, आणि आम्हीही काही साधुसंत नव्हतो. आमचा तोलणारा मात्र जुन्या वळणाचा. काट्यावरची नजर न हलवता तो एकेकाला पुकारतो. क्रेटच्या राशीमागून त्या माणसाने स्वतः 'आहे' म्हणायचं. आवाज ओळखीचा असला की तो मानही वर करत नाही.

"थोरला."

"आहे."

थोरला म्हणजे माझे हे. मागच्या वादळात हे बोटीवरून पडले ते सापडलेच नाहीत. माणूस गेला की त्याचा वाटा सगळ्यांच्या साठ्यात परत जातो, आणि एकट्या धाकट्याच्या वाट्यावर बोटीचं डिझेलही निघत नाही. म्हणून आम्ही कळवलं नाही. 'आहे' म्हणतात ते धाकटे, माझे दीर. अगदी यांच्या आवाजात, शब्दाआधी तसाच घसा खाकरून. तोलणाऱ्याला माहीत नसेल असं नाही, पण आवाज येतोय म्हटल्यावर तो बिचारा तरी काय करणार?

खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. बोट लागायच्या वेळी मी मुद्दाम बर्फाचं यंत्र बंद ठेवायची. तेवढा एक शब्द ऐकला की दिवस निघायचा.

यंदा सगळ्यांचेच वाटे आणखी कापले. शेजारच्या बोटवाल्याने जाळी विकायला काढली, आणि इकडे मेलेला माणूस पोटभर मासे धरत होता. मला तोंड वर करून चालवेना. तरी मी गप्प होते.

मग परवा दुपारी दीर अंगणात जाळं सांधत बसले होते. जेवायला वाढलं होतं.

"भावोजी, पान वाढलंय."

ते हलले नाहीत. मी पुन्हा हाक मारली. बहिरे झालेत की काय, म्हणून मी वैतागले आणि माझ्या तोंडून जुन्या सवयीने निघून गेलं, "अहो, ऐकलंत का?"

त्यांनी चटकन मान वळवली. घसा खाकरला.

"काय गं?"

माझ्या हातातलं भांडं पडलं. त्या आवाजाने ते भानावर आले आणि माझ्याकडे बघतच राहिले. चेहरा पांढराफटक.

"वहिनी, मी... मला कळलंच नाही."

"कधीपासून होतंय हे?"

"माहीत नाही. आता माझ्या नावाने कोणी बोलावलं तर दुसऱ्यालाच बोलावतायत असं वाटतं."

आम्ही दोघंही जेवलो नाही. मी यांचा आवाज जपत बसले होते, आणि त्यापायी घरातला जिवंत माणूस झिजत होता.

आज बोट लागली तेव्हा मी बर्फ सोडून काट्यापाशी जाऊन उभी राहिले. दीर राशीमागे होते.

"थोरला."

खाकरल्याचा आवाज आला. त्याच्या पुढचा शब्द येण्याआधी मी म्हणाले, "ते नाहीत. वादळात गेले. त्यांचा वाटा परत घ्या."

तोलणाऱ्याने पहिल्यांदाच मान वर केली. मग त्याने यांच्या वाट्याचे क्रेट बाजूला काढायला लावले आणि पुन्हा काट्याकडे बघितलं.

"धाकटा."

काहीच आलं नाही. त्याने पुन्हा पुकारलं. मग राशीमागून एक बारीक, घोगरा, अडखळता आवाज आला.

"आहे."

यांच्या आवाजापुढे हा आवाज मी विसरूनच गेले होते. आणि तो दुसरा मला आता कधीच ऐकू येणार नव्हता. माझा नवरा आज गेला. मी तिथेच ओल्या फरशीवर बसून मोठ्याने रडले.