ॲसिड कुठे जातं

माझं नाव नझीर. पनवेलच्या एसटी स्टँडवरून उरण नाक्याकडे निघालात की डाव्या हाताला माझं बॅटरीचं दुकान लागतं. तीस वर्षं झाली. या माणसाला कुणी चार शब्द सुनावलेले खपत नाहीत, असं माझी बायको शहाबानो सगळ्या गल्लीला सांगत असते, आणि खरंच सांगते. तर मधे बोलू नका, ऐकून घ्या. एकदा थांबलो तर पुढचं सांगायची हिंमत होणार नाही.

आपट्याला दयाराम म्हणून एक भला माणूस आहे. पोरगी बारावी सायन्सला आणि गावात लाइट सारखी जाते, म्हणून त्याने इन्व्हर्टर घेतला होता. दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला की इन्व्हर्टर पाच मिनिटांत मान टाकतो. मी गेलो. अंधाऱ्या कोपऱ्यात बॅटरी होती, पोरगी मोबाइलचा टॉर्च धरून उभी राहिली. हायड्रोमीटर म्हणजे ॲसिड किती दाट आहे ते सांगणारी काचेची नळी. ती घालून मी एकेका सेलचा आकडा मोठ्याने म्हणत गेलो. सहाही सेलमध्ये ग्रॅव्हिटी, म्हणजे तो दाटपणा, अकराशे चाळीस. भरलेल्या बॅटरीत बाराशे चाळीस तरी हवं.

आता एखादाच सेल खाली असता तर गोष्ट वेगळी. सगळे एकसारखे खाली, म्हणजे बॅटरी उपाशी आहे, मेलेली नाही. टर्मिनलवर ही एवढी पांढरी-हिरवी पुटं चढली होती, चार्जिंग आत जाणार कुठून? गरम पाण्याने पुसून, नट आवळून दिला असता तर काम संपलं होतं. मी मान हलवली आणि म्हणालो, गेली ही. नवी बसवली, टर्मिनल तेवढ्यात गुपचूप साफ केले, जुनी एक्स्चेंजमध्ये उचलून आणली. दुकानात दोन दिवस चार्जिंगला लावली, ठणठणीत झाली. तेव्हापासून लाइट गेली की माझ्या दुकानाचा दिवा आणि पंखा तिच्यावरच चालतात.

का केलं म्हणाल, तर धंदा मंदा होता वगैरे काही नाही. सवय. समोरचा मान डोलावतो, आपण सांगू ती पूर्व दिशा असते. पाचात एकाला असं करत आलो आणि नमाजही पढत आलो. तोबा, आता सांगताना जीभ जड होते, तेव्हा होत नव्हती.

डिसेंबरात ती पोरगी दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. प्रांजल. कॉलेज पनवेललाच, आपट्याच्या गाडीला तासभर असतो. म्हणाली, चाचा, मला बॅटरीवर प्रोजेक्ट करायचाय, आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा धडा डोक्यावरून जातो. वर्गात सरांनी दोन दिवसांत उरकला. विचारलं तर म्हणतात, पाठ कर. मला पाठ नाही करायचं, मला समजून हवंय.

खोटं कशाला बोलू, मी फुगलो. माझी स्वतःची पोरं या धंद्याला नाक मुरडतात. एक कतारला एसी दुरुस्त करतो, दुसऱ्याला ॲसिडच्या वासाने डोकं दुखतं. आणि ही शेतकऱ्याची पोर वही उघडून बसली होती, मी शिंकलो तरी लिहून घेईल अशी. रोज चारच्या सुमारास यायची. शहाबानो चहा पाठवायची.

तिने विचारलं, बॅटरीत ऊर्जा भरलेली असते म्हणजे नक्की काय भरलेलं असतं? मी एक जुनी बॅटरी कापून प्लेटा दाखवल्या. म्हटलं, या दोन प्लेटांना ॲसिडच्या संगतीने बदलून जायची घाई असते. त्यासाठी इलेक्ट्रॉनला इकडून तिकडे जायचंय. घर समोरच आहे, पण मधे भिंत, म्हणून बिचाऱ्याला मोठ्या रस्त्याने वळसा घालून जावं लागतं. तो रस्ता म्हणजे आपली वायर. वाटेत आपण त्याच्याकडून बल्ब लावून घेतो. ती खुदकन हसली आणि लिहू लागली. ॲनोड-कॅथोडच्या प्लस-मायनसचा घोळ होता, तोही दोन दिवसांत सुटला. बारावी नापास माणूस मी, पण त्या पंधरा दिवसांत मला वाटायचं, आपणही कुणीतरी आहोत.

मग एके दिवशी, दुकानात लाइट गेलेली, दिवा तिच्याच बापाच्या बॅटरीवर चाललेला, तिने विचारलं, "चाचा, बॅटरी उतरली की ग्रॅव्हिटी खाली येते. म्हणजे ॲसिड कमी होतं. मग ते ॲसिड जातं कुठे?"

उत्तर दीड ओळीचं आहे. ते प्लेटांमध्ये जाऊन बसतं, आणि चार्ज केलं की परत पाण्यात येतं. पण ते तोंडाशी आलं आणि मागोमाग मला अकराशे चाळीस आठवलं. टॉर्च हिनेच धरला होता, सहाही आकडे हिने ऐकले होते. हिला इतकं सांगितलं तर पुढचा प्रश्न ठरलेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

मी म्हणालो, ते उडून जातं. वाफ होते त्याची. एकदा ग्रॅव्हिटी सगळीकडे खाली गेली की बॅटरी संपली, काही केल्या परत येत नाही.

तिने कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाली, पण पुस्तकात तर बाण दोन्ही बाजूंनी दिलाय, जातो तसा परतही येतो. मला राग आला. पकडला जाणारा माणूस जास्तच चिडतो. मी म्हणालो, मग पुस्तकालाच विचार ना, इथे कशाला येतेस? मी तीस वर्षं ॲसिडात हात घालतोय.

तिने पेन्सिलीने लिहिलेली ओळ खोडली आणि माझी ओळ पेनने लिहिली.

जानेवारीच्या शेवटी तिची प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. त्यानंतर आठवडाभर आली नाही. मी म्हटलं, सुटलो. मग आली ती चेहरा उतरवून. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी तोंडी परीक्षेत तिला नेमकं तेच विचारलं होतं, आणि तिने माझं उत्तर दिलं. मॅडम म्हणाल्या, ॲसिड उडून जात असेल तर बॅटरी पुन्हा चार्ज कशी होते? ही अडून बसली. पुस्तकात चूक असेल, म्हणाली. मॅडम हसल्या, वर्गातली दोन पोरं हसली. प्रोजेक्ट दुसऱ्याकडून लिहून घेतलाय, असा शेरा पडला. घरी सांगितलं नव्हतं, आई जेवायची थांबेल म्हणून.

मी वाट बघत होतो की आता ही माझ्यावर उखडेल. उखडली असती तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द चढवले असते आणि प्रकरण मिटलं असतं. ती वही उघडून म्हणाली, "चाचा, माझंच ऐकण्यात काहीतरी चुकलं असणार. तुम्ही परत एकदा सांगा ना. थिअरीच्या पेपरला नऊ दिवस आहेत."

कातडीवर ॲसिड पडलं तर पाण्याखाली हात धरता येतो, यावर काय धरणार? मी तिला बसवलं आणि खरं ते सांगितलं. ॲसिड प्लेटांमध्ये जातं आणि चार्जिंगला परत येतं. पुस्तक बरोबर आहे, तू बरोबर लिहिलं होतंस. ती भराभर लिहीत गेली. मग पेन थांबलं.

"मग आमची बॅटरी?" तिने विचारलं.

"तुमची चांगली होती," मी म्हणालो. "ती बघ, खालच्या फळीवर आहे."

तिने बघितलं. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, बाबांना तुम्ही सांगायचं, मी नाही सांगणार. पण पेपर झाल्यावर, आत्ता घरात काही नको. मी हो म्हटलं. मला वाटलं, आता उठून जाईल. पण जाणार कुठे? पनवेलला दुसरं कोण होतं तिला फुकटात शिकवणारं? तिने पुस्तक मांडीवर घेतलं आणि म्हणाली, पुढचं सांगा.

नऊ दिवस आली. मी एक वाक्य बोललो की ती पुस्तकात ते वाक्य शोधायची, त्यावर बोट ठेवायची, जुळलं की मगच लिहायची. मला चाचा म्हणाली नाही. शहाबानोने विचारलंही, पोरीचं काही बिनसलंय का. मी म्हणालो, परीक्षेचं टेन्शन.

पेपर झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी दयाराम आला. हातात वालाच्या शेंगांची पिशवी. पोरगी म्हनते पेपर चांगला गेला, म्हणाला, तुमचे उपकार हायेत. पिशवी त्याने काउंटरवर ठेवली. म्हणजे तिने खरंच काही सांगितलं नव्हतं, सगळं माझ्यावर सोडलं होतं.

मी सांगितलं. उभ्यानेच, एका दमात. बॅटरीचं सांगितलं, टर्मिनलचं सांगितलं, मग ॲसिड उडून जातं म्हणालो तेही सांगितलं. जुनी बॅटरी रिक्षात घालून देतो म्हणालो, आणि नवीचे पैसेही परत देतो.

दयाराम शिवी देईल म्हणून मी तयार होतो. तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "बॅटरीचा काय, नझीरभाई. धंद्यात मानूस खोटा बोलतो, आमी पन भाजीत ओली जुडी खाली लपवतो. पन माझे पोरीला खोटा कशाला शिकवला?"

"तिला समजलं असतं म्हणून," मी म्हणालो.