निघताना मारायची हाक

विनिपेगच्या विमानतळावर मेनाने काखेतलं नवं जाकीट उलगडून मुलीच्या अंगाला लावलं, तर बाह्या मनगटाच्या बऱ्याच अलीकडे संपल्या. गेल्या वर्षीच्या फोटोवरून तिने अंदाजाने माप घेतलं होतं.

"चालेल," जोवी म्हणाली.

सात वर्षांनी मुलगी समोर उभी राहून बोलली ते एवढंच. मेनाने जाकिटाची चेन वर ओढून दिली आणि तेवढ्या निमित्ताने तिचे केस हुंगून घेतले. केसांना लसणाचा वास होता. गावी, पिनिलीला, खांबांवर उभ्या घराखाली लसणाच्या वेण्या टांगलेल्या असायच्या. त्या घरात निजणाऱ्या प्रत्येकाच्या केसांना तो वास लागायचा. मेनाच्या केसांचा कधीच गेला होता.

गाडी घेऊन मनांग पुरिता आली होती. गावाकडच्या इलोकानो बोलीत मनांग म्हणजे थोरली बहीण. हेझलबर्नच्या कारखान्यात डुकराचं मांस कापणाऱ्या यच्चयावत इलोकानो बायकांची पुरिता मनांगच होती, कोणी विचारो न विचारो. तिने बॅग उचलली आणि पुढे चालू लागली. काचेच्या दारापाशी जोवी एकदम थांबली, मागे वळली आणि आत बघत काहीतरी पुटपुटली. आजीचं नाव घेत असणार, मेनाला वाटलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाखालची शेतं होती. गाडीत गप्प बसणं पुरिताच्या स्वभावात नव्हतं. मुलीचा अबोला पाहून तिने मेनाच्याच फजितीची पोतडी सोडली. करारावर आलेल्या बाईला पोर आणता येत नाही. आधी कारखान्याने चांगलं म्हणायचं, मग हिला कायमची ठेवून घ्या म्हणून मॅनिटोबा प्रांताने शिफारस करायची, मग वरच्या सरकारने शिक्का मारायचा. आणि त्या सगळ्याच्या आधी इंग्रजीची परीक्षा.

"तुझी आई पहिल्यांदा नापास झाली, बरं का," पुरिता आरशातून जोवीकडे बघत म्हणाली. "इथल्या हवामानावर लिहा म्हणाले. हिने लसणावर लिहिलं. कधी लावायचा, कधी उपटायचा, वेणी कशी घालायची. पानभर."

जोवीच्या ओठांची कड हलली. मेना खिडकीबाहेर बघत राहिली. शेवटी प्रांताने तिला निवडल्याचं कळलं, त्या दिवशी ती कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून रडली होती. नवरा जेद्दाला गेला तो तिथलाच झाला. निवडल्याचं कोणी सांगावं, हे तिच्या बाबतीत नवीनच होतं.

पण आता मुलगी शेजारी बसली होती आणि मेनाला एकाच गोष्टीची धास्ती होती. आपल्या आईने जोवीला नीट हाक मारून पाठवलं की नाही?

त्यांच्याकडे नदीवरून परतताना, शेतावरून निघताना, पाहुण्याचं घर सोडताना माणसाला नाव घेऊन हाक मारतात. चल, अमकी, जाऊ या. हाक मारली नाही तर आत्मा तिथेच रेंगाळतो आणि नुसतं शरीर पुढे जातं. मग अन्नाला चव लागत नाही, झोप लागली तरी विसावा मिळत नाही.

मेना निघाली त्या पहाटे चार वर्षांची जोवी तिच्या ब्लाउजचं टोक मुठीत धरून झोपली होती. मेनाने हळूच ब्लाउज अंगातून काढला, मुलीच्या मुठीत तसाच राहू दिला आणि दुसरा चढवला. दारात आई हाक मारायला तोंड उघडणार, तोच मेनाने तिच्या तोंडावर हात ठेवला. पोर उठेल. पोर उठली तर आपण जाणार नाही. ती आवाज न करता निघाली, आणि तेव्हापासून जेवली, काम केलं, हसलीसुद्धा, पण ते सगळं दुसऱ्याच कोणाचं असल्यासारखं. तुझा आत्मा अजून व्हिसाच्या रांगेत उभा आहे, असं पुरिता चिडवायची. बाकीच्या बायका हसायच्या. मेनाही हसायची.

जोवीचं तिकीट निघालं तेव्हा मेनाने फोनवर आईला बजावलं होतं, तिला नीट हाक मारून पाठव.

"मला शिकवू नकोस," आई म्हणाली होती. "तुझ्यासारखी चोरासारखी नाही जायची ती." आणि फोन ठेवून दिला होता.

पेट्रोलसाठी थांबल्या तिथेही गाडीत बसण्याआधी जोवी मागच्या रस्त्याकडे तोंड करून पुटपुटली. पोरीचं मन आजीपाशीच राहिलं, मेनाने ओळखलं. आपलं झालं तसंच हिचं झालं.

हेझलबर्नला पोचल्यावर पुरिता बॅग पायरीवर ठेवून कामावर गेली. मेनाने कुलूप उघडलं. आत कोंबडीचा रस्सा तयार होता. कच्ची पपई मिळाली नव्हती म्हणून दुधी घातला होता. ती आत गेली, पण जोवी उंबरठ्याबाहेरच उभी राहिली. वारा सरळ घरात शिरत होता.

"ये ना आत. दार लावू दे."

"थांब. आजीने सांगितलंय, दार उघडं ठेवायचं."

जोवीने रस्त्याकडे तोंड केलं. तोकड्या बाह्यांतून तिची मनगटं थंडीने लाल झाली होती. या वेळी ती पुटपुटली नाही. ओसाड गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तिने हाक मारली.

"चल, जोवी. घर आलं."

मेनाने सुटकेचा श्वास सोडला. आईने शिकवून पाठवलं होतं. पोर अख्खी आली होती.

जोवी अजून वळली नव्हती. तिने थोडा वेळ वाट पाहिली, रेंगाळणाऱ्या कोणाची पाहावी तशी.

"चल, मेना," ती म्हणाली. "मागे राहू नकोस. घर आलं."

मेनाचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

"सगळीकडे हाक मारली," जोवी तिच्याकडे न बघता सांगू लागली. "पिनिलीला दारात आजीनेच मारली, आधी मला, मग तुला. म्हणाली, तुझी आई इतकी वर्षं इथेच आहे. तुझ्या उशाशी बसून असते, एकटी यायची नाही. तूच घेऊन जा, आणि वाटेत कुठे सोडू नकोस." ती जरा घुटमळली. "मनिलाला खूप गर्दी होती. तिथे मी दोनदा मारली."

मेना दारातून बाजूला सरकली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली, दोघींना येता येईल एवढी वाट सोडून.

जोवी आत आली. तिने बूट काढले, मागे वळून एकदा पाहिलं.

"आता लाव दार," ती म्हणाली.