तळ्यातली जलपर्णी

आमच्या बागप्रेमी मंडळात सगळ्यांत वयस्कर म्हणजे ड्रॉइंगचे सर. शाळेतून निवृत्त झालेले, गुडघे कुरकुरणारे, तरी दर रविवारी तळ्यावर सगळ्यांच्या आधी हजर. तळं जलपर्णीनं गच्च भरलेलं. आम्ही काठावर रोपं लावायचो, दाताळ्यानं हाताला येईल तेवढी जलपर्णी ओढायचो. सर मात्र थेट कमरेइतक्या पाण्यात.

"सर, तुम्ही आजारी पडलात तर तुमची सून मला धारेवर धरेल," मी म्हणायचे. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

त्यांना हात देऊन वर काढायचा तो नाववाला. पूर्वी याच तळ्यात मासे धरायचा. पाणी झाकलं गेलं, मासे मेले. त्यानं नाव विकली आणि गोदामावर पहारेकरी झाला. धाकटा मुलगा पोटासाठी परगावी गेला, तो तिकडचाच झाला.

एका रविवारी चहा पिताना नाववाला म्हणाला, "ही ब्याद इथे आणली कुणी, कोण जाणे."

सरांनी कप खाली ठेवला. "मी आणली."

आम्हाला थट्टाच वाटली.

"आमच्या हिच्या आजारपणात खाटेजवळ बादलीत एक रोप ठेवलं होतं. त्याचं जांभळं फूल तिला फार आवडायचं. ती गेली. मग ते घरात बघवेना आणि कचऱ्यात टाकवेना. इथे आणून सोडलं. एकच होतं हो."

"कधी?"

"बारा वर्षं झाली."

नाववाला सरांकडे वळला. "पाच वर्षं मी तुम्हाला हात देतोय, सर. एकदा तरी सांगायचं."

"धीर झाला नाही."

तो चहा अर्धा टाकून निघून गेला.

पुढचे दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी आला, दाताळं उचललं आणि पलीकडच्या काठाला जाऊन कामाला लागला. सरांशी बोलणं बंद ते बंदच. त्या दिवसापासून सरांना मी हात देऊ लागले.

पुढे सरांच्या गुडघ्यांनी दगा दिला, येणं थांबलं. आता निम्मं तळं मोकळं झालंय. रविवारी परतताना मी त्यांच्याकडे डोकावते.

"तो आला होता?"

"आला होता."

"माझं काही विचारलं?"

खोटं बोलायचं दर वेळी मनाशी ठरवून जाते. पण त्यांच्यासमोर जीभ रेटत नाही.

"नाही, सर."

ते मान हलवतात आणि सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगतात.