थोरली कोणती

दोन्ही मुखवटे चिंचेनं घासून लख्ख झाले, पाटावर शेजारीशेजारी ठेवून झाले, आणि सुभद्राच्या मनात आलं, यातला एखादा हातातून सुटला अन् चेपला तर? मग जातील का अकोल्याला?

तिनं लगेच कानाला हात लावला. "माफ कर वो माय," ती पितळेच्या त्या चेहऱ्यांना म्हणाली. पण मनात आलं होतं ते आलंच होतं.

मूर्तिजापूरच्या या घरात बावीस वर्षं महालक्ष्म्या सुभद्राच्या हातून बसल्या. भादव्यातले तीन दिवस. पहिल्या दिवशी यायच्या, दुसऱ्या दिवशी जेवायच्या, तिसऱ्या दिवशी जायच्या. थोरली उगवतीकडे, धाकटी मावळतीकडे. दोघी एकाच साच्यातल्या. तेच डोळे, तेच नाक, हसू दाबून धरल्यासारखे तेच ओठ. पाहणाऱ्याला फरक कळायचा नाही. सुभद्राला मात्र डोळे मिटूनही कळे, कारण थोरली तळहाताला किंचित जड लागे. ही खूण सासूनं तिला सांगितली नव्हती. दोन्ही मुखवटे तिच्या ओंजळीत ठेवून नुसती थांबली होती, सुनेच्या हातांना समजेपर्यंत.

त्यातली शेवटची सहा वर्षं बिकट गेली. नवरा, सहदेव, त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा सकाळच्या गाडीनं अकोला, चार तास मशीन, दुपारच्या गाडीनं परत. भादवा आला की तो वार आणि महालक्ष्म्यांचा दिवस कधी कधी एकाच तारखेला यायचा. पण एकही वर्ष चुकलं नाही. एका वर्षी सोळा भाज्यांच्या जागी एकटं दोडकं होतं आणि ज्वारीची आंबील. बसायला चौरंगही नव्हता, शेजारच्या लग्नात गेलेला. सुभद्रा सासूच्या चालीवर आपलेच शब्द गुणगुणत होती:

लक्षुमी आली बाई, पाट मागते बसाया
पाट गेला गं उसना, माही मांडी घे बसाया

खाटेवरून सहदेव म्हणाला, "तुह्या मांडीवर दोघी मावतीन का वं? वजन पाह्य तुहं." दोघंही हसली होती.

तो गेला त्याला दीड वर्ष झालं. गेल्या भादव्यात दुखवटा म्हणून महालक्ष्म्या बसल्याच नव्हत्या. सुभद्रा रडली, पण देवाशी भांडली नाही. अमरावतीला नर्सिंग शिकणारी लेक आकांक्षा फोनवर चिडून विचारायची, "आई, तुनं काय कमी केलं होतं वं त्याचं?" तर ही म्हणायची, "त्याच्या मनात काई असनच. आपल्याले दिसत नाई म्हणून नसतेच का?" आणि हे ती वरवरचं म्हणत नव्हती. विहिरीत पाणी आहे हे जसं माणसाला माहीत असतं, तसं तिला ते माहीत होतं.

मग यंदा श्रावणात चुलतसासू आल्या, भागीरथाकाकू. ऐंशीच्या घरातल्या, कण्यात ताठ. चहाची कपबशी खाली ठेवत त्या म्हणाल्या, "यंदा लक्ष्म्या श्यामकडं जाऊ दे, सुभद्रे. घरात कुंकू असन तठीच यायनं बसाव. आपली रीत हाये."

भाजी आणायला सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या. आणि दीड वर्षात जे झालं नव्हतं ते त्या घडीला झालं. सुभद्रा देवावर रागावली. नवरा नेलास, मी काही बोलली नाही. पण आता उठून चाललीस कुठं? रागिणीकडे? रागिणी म्हणजे धाकटी जाऊ, श्यामची बायको. अकोल्याला नवं घर, दोन्ही हात भरून बांगड्या, शेजारी धडधाकट नवरा. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी कढीत मेथी कधी टाकायची ते फोन करून विचारते. तिच्याकडे?

हा सल कोणाला सांगण्यासारखा नव्हता. तो उपाशी मांजरासारखा तिच्या पायात पायात फिरत राहिला.

रविवारी श्याम आणि रागिणी गाडी घेऊन आले. रागिणीनं येताना दोन नवी फडकी आणली होती, एक लाल, एक पिवळं. मुखवटे पाहून तिनं पदर सावरला, नमस्कार केला.

"जाऊबाई, यायच्यातली थोरली कोणती वो? मले तं दोघी सारख्याच दिसून राहिल्या."

सुभद्रानं दोन्ही मुखवटे उचलले, एक या हातात, एक त्या हातात. उजवा हात किंचित खाली गेला. तिनं डावा पुढे केला.

"ही," ती म्हणाली.

रागिणीनं हलका मुखवटा लाल फडक्यात बांधला. "लाल फडक्यात थोरली, पिवळ्यात धाकटी," ती लहान मुलीसारखी पाठ करत म्हणाली. "आता नाई चुकत मी."

*

महालक्ष्म्या यायच्या दिवशी सुभद्रा अकोल्याला गेली. श्यामनं भागीरथाकाकूंना आणि तिला एकाच गाडीनं आणलं होतं.

रागिणीनं तुळशीपासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढली होती. मुखवटे हातात घेऊन ती उंबऱ्यापाशी उभी राहिली. श्याम मागून ताट वाजवत होता.

"कोण आलं?" आतून काकूंनी विचारलं.

"महालक्ष्मी आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

रागिणी अडली. तिनं सुभद्राकडे पाहिलं. सुभद्रानं ओठ हलवले, "सोन्याच्या."

"सोन्याच्या पावलांनी आली!"

आणि तेवढ्यात श्याम ताट बाजूला ठेवून खाली बसला. रागिणीच्या निऱ्या पायात येत होत्या. त्यानं त्या दोन बोटांनी उचलून नीट केल्या, "सांभाळून," म्हणाला, आणि पुन्हा ताट वाजवू लागला.

दोन क्षणांची गोष्ट. कोणाच्या लक्षातही आली नाही. सुभद्रानं मात्र पाहिली. मोठं घर, गुळगुळीत फरशी, जरीची साडी, ते सगळं तिनं पचवलं असतं. ती दोन बोटं तिला पचेनात.

लाल फडकं सुटलं. हलका मुखवटा उगवतीकडे चढला, जड मावळतीकडे. साड्या नेसवल्या, हळदीकुंकू झालं, अक्षता पडल्या. आता तिसऱ्या दिवसापर्यंत कोणी हलवायच्या नाहीत; बसल्या त्या बसल्या.

रागिणी धाकटीपुढं वाकली आणि म्हणाली, "थोरले, माह्या घरी पयल्यांदा आली तू, सांभाळून घे."

सुभद्रानं तोंड फिरवलं. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण जिभेखाली गुळाचा खडा ठेवल्यासारखं वाटत होतं. खरी थोरली कोणती ते या भरल्या घरात तिला एकटीला ठाऊक होतं. घर रागिणीचं, नवरा रागिणीचा. थोरली अजून सुभद्राचीच होती.

दुसरा दिवस जेवणाचा. सुभद्रा पहाटेपासून मागच्या स्वयंपाकघरात वडे तळत बसली आणि वाट पाहत राहिली. काहीतरी बिघडणार. पुरण सैल होईल, आंबील लागेल, दूध नासेल. जागा चुकलेली देवी गप्प कशी राहील?

पुरण सुरेख शिजलं. पोळ्या टम्म फुगल्या. पहिल्यांदाच केलेली आंबीलही अशी जमली की शेजारच्या पौर्णिमाबाई चाखून म्हणाल्या, "रागिणी, हात हाये का काय हाये तुहा!"

वडे उलटता उलटता सुभद्रा मनात म्हणाली, माय, तुले फरकच नाई पडत का? मग मी सहा वर्षं काय केलं वो? तू माह्याकडं जेवली ते तरी तुह्या ध्यानात हाये का?

तिनं पुढचा घाणा सोडला. कढईत तेवढं तेल चुरचुरत होतं.

दुपारी एकच्या सुमाराला पंगतीची पानं मांडली. पंचवीस-तीस माणसं. नैवेद्याची दोन ताटं तयार झाली, आणि रागिणी मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"जाऊबाई, हात धुवा. नैवेद्य तुमी दाखवा."

सुभद्रानं झारा खाली ठेवला नाही. "मी? काकू काय म्हणतीन?"

काकूंना ते ऐकू गेलंच होतं. "अवं रागिणी, रीत हाये काई का नाई?"

"काकू," रागिणीनं आवाज चढवला नाही, पण पाऊलही मागे घेतलं नाही, "भाऊजी मशिनीवर होते तवा यायनं कोणाच्या हातचं खाल्लं? तवा कुठं होती आपली रीत? एक दिवस तरी आपण कोणी गेलो का मूर्तिजापूरले पोळ्या लाटाले? आज त्यायच्याच हातचं खाऊ द्या."

काकूंनी वाट सोडली. श्याम खाली पाहू लागला.

सुभद्राला वाटलं, हिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. हेवा करायला समोरचं माणूस वाईट असलं की सोपं जातं. या पोरीनं तीही सोय ठेवली नाही. आता हिचा मोठेपणासुद्धा हिच्या बांगड्यांसारखा डोळ्यांत खुपू लागला.

ती हात धुऊन आली. ताटं दोन्ही हातांवर घेतली. पहिलं ताट थोरलीपुढं, मग दुसरं धाकटीपुढं. बावीस वर्षं हेच. सगळे हात जोडून उभे होते. उगवतीकडे ठेवलं की झालं. एक पाऊल टाकायचं होतं.

ते पाऊल पडेना. तिनं माणसांना खोटं सांगितलं होतं, तेही एका शब्दाचं. पण जिला मांडीवर बस म्हटलं, तिला उपाशी ठेवून शेजारणीला आधी कसं वाढायचं? ताट हातात जड होत गेलं. आणि हात, तिला न विचारता, मावळतीकडे गेले. पहिलं ताट तिथं टेकलं.

"अवं सुभद्रे!" काकू ओरडल्या. "थोरली इकडं हाये. वडे तळून तळून डोये गेले का तुहे?"

कोणीतरी हसलं. डोळे गेले म्हणून टाकलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं.

"नाई काकू," सुभद्रा म्हणाली. "थोरली हीच हाये. मीच उलटी सांगतली रागिणीले. जाणूनबुजून."

जोडलेले हात खाली आले.

"काहून?" रागिणीनं विचारलं.

"तुह्यापाशी सारं हाये. अन् हीबी निघाली होती तुह्याकडं. म्हणलं, निदान एवढं तरी माह्यापाशी राहू दे."

रागिणीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "मी दोन दिवस झाले तिच्यापुढं डोकं टेकवून राहिली," ती हळू म्हणाली. "तुमी उभ्या राहून पाहून राहिल्या?"

"हो."

"वयनी..." श्याम काही म्हणू पाहत होता. रागिणीनं त्याला हातानंच थांबवलं. तिनं सुभद्राच्या हातातलं दुसरं ताट घेतलं, उगवतीकडे नेऊन ठेवलं, पदराच्या टोकानं डोळे पुसले.

"आता हलवता येत नाई," काकू पुटपुटल्या. "आता कसं कराचं?"

"कसं काय कराचं? जेवतीन," रागिणी म्हणाली. "अन्न निवून राहिलं." मग सुभद्राकडे न पाहता, "मले आज तुमच्याशी बोलाचं नाई, जाऊबाई. उद्याचं उद्या पाहू. पण पंगत बसली, अन् कढी वाढाले माणूस नाई."

सुभद्रा तशीच उभी राहिली. समोर दोघी बसलेल्या. आपण लबाडीनं मांडलेल्या जागेवर थोरली दोन दिवस बसून होती. रुसली नाही, पुरण बिघडवलं नाही, उठून गेली नाही. तिच्या उठून जाण्याची तक्रार सुभद्रा दीड महिना करत होती, आणि ती इथं, सुभद्राच्या खोटेपणावरही बसलेली होती. सहा वर्षं तिनं काय केलं याचा हिशेब कोणी दिला नाही. मागावासाही वाटेना.

"तुले जठी बसाचं तठी बस, माय," ती म्हणाली. हे ओठात नाही, मोठ्यानं आलं.

तिनं कढीचं पातेलं उचललं आणि पंगतीत शिरली. पहिल्या चार पानांवर कोणी वर पाहिलं नाही. पौर्णिमाबाईंनी वाटी पुढे केली, पण नजर दिली नाही. पलीकडे श्याम रागिणीच्या कानात काही सांगत होता आणि ती मान हलवत होती. सुभद्राच्या डोळ्यांपुढे पुन्हा ती दोन बोटं आली. ते काही एका नैवेद्यात जाणारं नव्हतं. तिनं पातेलं या हातातून त्या हातात घेतलं आणि पुढच्या पानाकडे सरकली.

पंगतीच्या शेवटी भागीरथाकाकू खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी वाटीवर हात ठेवला होता. सुभद्रा थांबली.

 काकू खाली पाहत, जणू पोळीलाच सांगत असल्यासारख्या म्हणाल्या, "आमचे हे गेले, तवा ह्याच लक्ष्म्या माह्या घरून तुह्या सासूकडं गेल्या होत्या. मी आठ दिवस जेवली नोती. कोणाले बोलली नाई आजलोक."

सुभद्रानं वर धरलेली पळी तशीच राहिली.

काकूंनी वाटीवरचा हात काढला. "घाल. पण अर्धीच. राग गेला नाई माहा."

सुभद्रानं मोजून अर्धीच वाटी भरली.