पाचव्या सॉकेटचा लाल दिवा

मी एक जुना प्रोग्रॅमर आहे. थांबा मित्रांनो, लगेच चष्मा लावून संगणकापुढे बसलेला माणूस डोळ्यांपुढे आणू नका. मी आहे पत्र्याची एक पेटी, दोन वह्या शेजारीशेजारी ठेवल्या तर होईल तेवढी. माझ्या पाठीवर ओळीने आठ सॉकेट आहेत. प्रत्येक सॉकेटला एक छोटी दांडी आणि दोन दिवे, एक हिरवा, एक लाल. दांडी उचलायची, मुंगळ्यासारखे पाय असलेली काळी चिप आत ठेवायची आणि दांडी पाडायची. पुढचं काम माझं.

कोरी चिप म्हणजे नुसता काळा तुकडा. तिला काहीच येत नाही. बाजूच्या नवव्या सॉकेटमध्ये शिकलेली मूळ चिप बसवतात. तिचा सगळा धडा मी वाचून घेतो आणि आठही चिपांना एकदम शिकवतो. मग प्रत्येकीला विचारतो, सांग बघू, काय शिकलीस? अक्षर न् अक्षर बरोबर आलं तर हिरवा दिवा. एक जरी चुकलं तर लाल. ‘जवळजवळ बरोबर’ हा प्रकार मला ठाऊक नाही. त्यावरून लोक मला हेकट म्हणतात. म्हणोत बापडे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या तपासनीसबाईंनी माझी प्रत्येक दांडी शंभर वेळा वरखाली केली आणि मगच मला खोक्यात बसू दिलं. तिथून मी आलो शिंप्याच्या दुकानावरच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये. मालकांनी मला दोन जिने स्वतः उचलून आणलं, तान्ह्या बाळाला आणावं तसं. तिथे बनायच्या वॉर्मरच्या पेट्या. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं ज्या उबदार खाटेवर ठेवतात ना, तो वॉर्मर. बाळाच्या पोटाला चिकटवलेली वायर बाळ किती गरम आहे ते सांगते आणि पेटी त्याप्रमाणे वरची ऊब चालू-बंद करते. त्या पेटीतली चिप मी शिकवलेली असायची. खोटं कशाला बोलू, मला त्याचा भारी अभिमान होता.

माझ्यावर काम करायच्या काकू. स्वभाव तिखट, पण हात इतका हलका की चिपेचा एक पाय कधी वाकला नाही. हिरवा दिवा लागलेल्या प्रत्येक चिपेवर त्या लेकीच्या नेलपॉलिशच्या बाटलीतून एक गुलाबी ठिपका लावायच्या. सोल्डरिंग करणारे दादा त्यांची थट्टा करायचे, “काकू, चिपेचं लग्न ठरलंय का?” काकू मान वर न करता म्हणायच्या, “ठिपका म्हणजे माझी सही आहे. तुम्ही तुमची सोल्डरची राळ सांभाळा.”

वर्षं गेली आणि माझं पाचवं सॉकेट कुरकुरायला लागलं. ते नेमकं बसणाऱ्याच्या हातासमोर येतं. एखादीच चिप तपासायची असली की सगळे तीच दांडी उचलायचे. आतल्या पट्ट्या सैल झाल्या, त्यांत धूळ बसली. चिप चांगली असली तरी मधूनच लाल दिवा लागायचा. दादांनी त्याचं नाव ठेवलं रडोबा. सगळे हसले. मला मात्र फार लागलं ते.

तेव्हा काकूंनी एक पद्धत पाडली. रडोबा रडला की ती चिप काढून पहिल्या सॉकेटमध्ये घालायची आणि पुन्हा तपासायची. बहुतेक वेळा तिथे हिरवा लागायचा, मग ठिपका. मालक म्हणायचे, “नवं सॉकेट आणू की, पुढच्या आठवड्यात.” तो आठवडा काही उजाडला नाही. हळूहळू मालकच म्हणायला लागले, “पाचचं लाल म्हणजे हिरवंच.”

मग एका इस्पितळाच्या नव्या वॉर्डासाठी अठ्ठेचाळीस पेट्यांचं काम आलं. त्याच आठवड्यात काकूंची लेक सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी झाली, अवघ्या दीड किलोची. काकूंचं निम्मं लक्ष दवाखान्यात. तरी त्या आल्या, कारण माझ्यावर दुसऱ्या कुणाचा हात बसलेला नव्हता. आठ-आठच्या सहा फेऱ्या. त्यांत पाचवा चार वेळा लाल झाला. पहिल्या दोन वेळा काकूंनी चिप पहिल्या सॉकेटमध्ये नेली. हिरवा, दोन्ही वेळा. तिसऱ्या वेळी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “रडोबा, तुला सवयच आहे मेल्या.” आणि ठिपका लावला. चौथ्या वेळी तर घड्याळाकडेही न बघता ठिपका लावला.

मी दिवा तसाच लावून ठेवला, मित्रांनो. दिव्यापलीकडे मला जीभ नाही. काकूंनी बटण दाबलं, दिवा विझला आणि सगळ्या चिपा एकाच ट्रेमध्ये मिसळल्या. दादांनी त्या पेट्यांमध्ये बसवल्या, स्क्रू आवळले, खोकी बंद झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या त्या खांद्यावरची पिशवीही न उतरवता. “दादा, पेट्या गेल्या का?”

“दोन वाजता टेम्पो येतोय. का हो? बाळ बरं आहे ना?”

“बरं आहे.” काकू स्टुलावर बसल्या. “काल तिच्याजवळ बसले होते. वॉर्मर सारखा वाजायचा. नर्स यायची, बघायची, काहीच नसायचं, जायची. चौथ्यांदा वाजला तेव्हा मीच म्हटलं, बाई, बसा दोन मिनिटं, त्याला सवयच दिसतेय. तर म्हणाली, काकू, सवय आपल्याला लागते, यंत्राला नाही. आणि गेली बघायला.”

“मग?”

“वायर पोटावरून सुटून चादरीवर पडली होती. यंत्राला वाटलं बाळ गार पडलंय. ते आपलं तापवत सुटलं होतं.” काकूंनी आता पिशवी खाली ठेवली. “ती उठली नसती तर? आणि दादा, मी परवा पाचचं लाल दोनदा तसंच सोडलंय. ठिपका लावून.”

मालक आतून बाहेर आले. “कोणत्या दोन चिपा?”

“तेच तर कळत नाही. सगळ्या मिसळल्यात.”

“म्हणजे अठ्ठेचाळीस पेट्या उघडायच्या? काकू, तिकडे खाटा मांडून तयार आहेत, माणसं वाट बघतायत. पाचचं लाल म्हणजे हिरवंच, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.”

“मी काल रात्री घरी जाऊन झोपले,” काकू म्हणाल्या, “ते कशाच्या जोरावर? माझ्या नातीच्या पेटीतली चिप कुणीतरी नीट तपासली असेल, या भरवशावर. या पेट्या घेणाऱ्यांना मी कुठला भरवसा देऊ?”

मालकांनी टेम्पोवाल्याला फोन करून पाच वाजता यायला सांगितलं, बाह्या सरसावल्या आणि स्क्रूड्रायव्हर उचलला.

त्या दिवशी पाचवं सॉकेट रिकामं ठेवलं होतं; रिकाम्या सॉकेटचा लाल कुणी मोजत नाही. सात-सात चिपा येत होत्या. पहिली फेरी, सगळे हिरवे. दुसरी, तिसरी, चौथी, हिरवे. सहा फेऱ्या झाल्या तरी एकही लाल नाही. मालकांच्या कपाळावरच्या आठ्या मला दिसत होत्या. तुम्हाला खरं सांगतो, माझंच अवसान गळालं. वाटलं, मी खरंच उगाच रडणारा आहे की काय.

सातव्या फेरीला सहाच चिपा उरल्या होत्या. तिसऱ्या सॉकेटला लाल लागला.

“आता हाही रडायला लागला का?” दादा म्हणाले, पण कुणी हसलं नाही. काकूंनी ती चिप पहिल्या सॉकेटमध्ये घातली. लाल. सातव्यात घातली. लाल. मालकांनी ती हातात घेतली, एका पेटीत बसवली आणि पेटी टेबलावरच्या तापणाऱ्या दिव्याला जोडून पोटाची वायर त्याखाली ठेवली. अडतीस अंशांवर ऊब थांबायला हवी होती. आकडा एकोणचाळीसवर गेला. मग चाळीसवर. दिवा तापतच राहिला. एक्केचाळीसला मालकांनी प्लग उपटून काढला.

तशाच सोडलेल्या दोघींतली दुसरी चिप मात्र खरोखरच चांगली होती. तिच्या वेळी पाचवा उगाचच रडला होता. हे मी लपवणार नाही, नाहीतर माझ्या हिरव्या दिव्याला काय किंमत राहील?

काकू तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मालक त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, “चूक तुमच्या एकटीची नाही. सॉकेट मी आणलं नाही, आणि तुम्हाला ते वाक्यही मीच शिकवलं.” त्या चिपेच्या जागी नवी चिप बसली, आणि पाचच्या टेम्पोने सगळ्या पेट्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मला नवं सॉकेट मिळालं. ती वाईट चिप काकूंनी माझ्या अंगावरच चिकटपट्टीने लावून ठेवली, गुलाबी ठिपक्यासकट. आज मी फळीवर असतो. नवं यंत्र सोळा-सोळा चिपा करतं. जुन्या पेट्या दुरुस्तीला आल्या की तेवढ्यापुरता मला खाली काढतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं यंत्र असेल. कुरकुरणारं, उगाच दिवा लावणारं. एखादं म्हातारं माणूसही असेल, तेच तेच सांगणारं. त्याला नाव ठेवून हसू नका. आधी त्याची धूळ पुसा, दुखणं बघा. आणि ते पुन्हा काही सांगायला लागलं, तर पुन्हा एकदा उठा. माझं एवढंच मागणं आहे.

मागच्या आठवड्यात काकूंची नात आली होती. चांगली सात वर्षांची झालीय, दाताला खिंडार, बडबडी. मला खाली काढलेलंच होतं. तिने माझ्या अंगावर चिकटवलेल्या चिपेवर बोट ठेवून विचारलं, “आजी, हिला नेलपॉलिश का लावलंय?”

“ती माझी खोटी सही आहे,” काकू म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. पोरीने खेळता खेळता माझं बटण दाबलं. बाकीच्या सातांत चिपा होत्या, पाचव्यात नव्हतीच. लाल दिवा लागला. “आजी, लाल झालं गं!”

सॉकेट रिकामं आहे हे काकूंना बसल्या जागेवरून दिसत होतं. तरीही त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि बघायला आल्या.